एका शिबिराला इतके प्रशिक्षक कशाला?

अमेरिकन फुटबॉल हा खेळ आपल्याकडे बहुतेकांनी पाहिला असेल तो हॉलीवूडच्या चित्रपटांत. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर चिलखतासारखी गादी आणि एकमेकांवर तुटून पडणारे आडदांड गडी, एवढीच त्याची ओळख. ज्या खेळात चेंडू पायापेक्षा हातातच अधिक असतो त्याला फुटबॉल का म्हणावे, हा प्रश्नही अनेकांना पडतो. या परक्या खेळाची दखल घेण्याचे निमित्त मात्र मुंबईतच घडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना मंजुरी मिळाली. १९०० नंतर प्रथमच क्रिकेट ऑलिंपिकमध्ये परतणार म्हटल्यावर आपल्या वृत्तपत्रांचे मथळे त्यानेच व्यापले, हे साहजिक होते. त्याच यादीत फ्लॅग फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा धक्काबुक्की वगळलेला अवतार, होता याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

खेळ ऑलिंपिकमध्ये आला की त्याची शिबिरे निघतात. अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा) उन्हाळी सुट्टी लागली की शहरातील वाडिया पार्कपासून तालुक्याच्या शाळांच्या मैदानांपर्यंत कबड्डी, खो-खो, कुस्ती, क्रिकेट यांची शिबिरे भरतात. पालक शुल्क विचारतात, वेळ विचारतात, टी-शर्ट मिळणार का तेही विचारतात. मैदानावर मुलांसमोर कोण उभे राहणार आणि त्या माणसाने कशाचे शिक्षण घेतले आहे, हे विचारणारे थोडे. अमेरिकेतील मुलांच्या फुटबॉल शिबिराकडे पाहिले की नेमका हाच प्रश्न समोर येतो, कारण तेथे मैदानावर मुलांइतकीच नजरेत भरते ती प्रशिक्षकांची संख्या.

ही संख्या हौसेपोटी वाढलेली नाही; तिचे मूळ खेळाच्या रचनेत आहे. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. जमले तर पुन्हा चार प्रयत्न, न जमल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो आणि त्या थांब्यात पुढची चाल ठरते. याखेरीज एक नियम निर्णायक ठरला. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगने, म्हणजे एनएफएलने, १९५० मध्ये खेळाडूंच्या अमर्याद अदलाबदलीला कायमची मुभा दिली. तेव्हापासून आक्रमण करणारे ११ वेगळे, बचाव करणारे ११ वेगळे आणि चेंडू लाथाडण्याच्या प्रसंगी उतरणारी तिसरी तुकडीही वेगळी, अशी विभागणी पक्की झाली. एका संघाच्या पोटात तीन संघ नांदू लागले. मग तिघांना शिकवणारेही वेगळे हवेत.

त्यामुळे मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक असे दोन समन्वयक असतात. त्यांच्याखाली प्रत्येक जागेचा स्वतंत्र प्रशिक्षक असतो. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा वेगळा, धावत जाऊन तो झेलणाऱ्यांचा वेगळा, समोरासमोर भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या लाइनमनचा वेगळा. व्यावसायिक संघात हा फौजफाटा सहज विसाच्या पुढे जातो. मुलांच्या शिबिरात तो लहान असतो आणि त्यात शाळेतील शिक्षक, महाविद्यालयीन खेळाडू व स्वयंसेवक पालक यांचा भरणा असतो. कामाची वाटणी मात्र तशीच राहते.

या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पॉल ब्राउन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. पुढे क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघाला त्यांचेच नाव मिळाले, पण त्यांची घडण झाली ती ओहायो राज्यातील मॅसिलॉन या लहानशा गावाच्या शाळेत. १९३२ ते १९४० या काळात तेथे प्रशिक्षक असताना त्यांनी गावातील खालच्या वर्गांच्या शाळांतही आपलीच पद्धत लागू केली. तेथील प्रशिक्षक त्याच चाली, त्याच संज्ञा शिकवत, म्हणजे मुलगा वरच्या शाळेत येईपर्यंत त्याला भाषा अवगत झालेली असे. १९४६ पासून क्लीव्हलँडला त्यांनी साहाय्यक प्रशिक्षक वर्षभरासाठी नेमले, खेळाडूंना वर्गात बसवून फळ्यावर शिकवले, चित्रफिती दाखवून चुका समजावल्या. आज या गोष्टी सर्वमान्य वाटतात. त्या काळी शिट्टी फुंकणारा आणि ओरडणारा एक दणकट माणूस म्हणजेच प्रशिक्षक, असा समज होता. आपल्याकडे तो अजून पुरता गेलेला नाही.

शिबिराचा दिवस

अमेरिकेतील मुलांच्या शिबिराचा दिवस तुकड्यातुकड्यांनी आखलेला असतो. आधी अंग मोकळे करण्याचे व्यायाम सर्वांसाठी एकत्र होतात. मग शिट्टी वाजते आणि मुले आपापल्या जागेच्या प्रशिक्षकाकडे पांगतात. हा वेळ सर्वांत मोलाचा, कारण एका प्रशिक्षकासमोर मोजकीच मुले असतात. लाइनमनचा प्रशिक्षक पाय किती अंतरावर ठेवायचे, कंबर किती खाली न्यायची, तळहात समोरच्याच्या छातीवर कोठे पडले पाहिजेत हे पुन्हा पुन्हा करून घेतो. झेलणाऱ्यांचा प्रशिक्षक धावण्याच्या वाटा शिकवतो. या वाटांना आकडे दिलेले असतात आणि आकडा उच्चारताच मुलाला कोठे वळायचे ते कळले पाहिजे. बचावातील मागच्या फळीचा प्रशिक्षक मुलांना उलट्या पावली पळायला शिकवतो. त्यानंतर दोन-तीन गट एकत्र येतात आणि शेवटी संपूर्ण संघ उभा राहतो. आधी सुटे भाग घासूनपुसून घ्यायचे आणि मग यंत्र जोडायचे, असा हा क्रम आहे.

कबड्डी पाहणाऱ्या मराठी माणसाला यात परके काही वाटू नये. सात जणांच्या संघात चढाईपटू, कोपरारक्षक आणि मध्यरक्षक यांची कामे सर्वस्वी भिन्न असतात. घोट्याची पकड करणाऱ्या कोपरारक्षकाला लागणारा संयम आणि धडक देणाऱ्या मध्यरक्षकाचे अचूक वेळभान या दोन निराळ्या विद्या आहेत. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात, २०२४ मध्ये, नगर जिल्ह्यातून आलेल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने विजेतेपद मिळवले, ते चढाई आणि साखळी बचाव या दोन्ही अंगांच्या बळावर. गावच्या शिबिरात मात्र या साऱ्या विद्या शिकवणारा गुरुजी एकच असतो. तोच मुलांची हजेरी घेतो, तोच केळी वाटतो आणि कोणी पडले तर तोच दुचाकीवरून दवाखान्यात नेतो. तो दवाखान्यात गेला की मागे उरलेल्या मुलांकडे कोण पाहते, हा प्रश्न विचारण्याची पद्धत नाही.

एका जागेचा जाणकार शिक्षक भेटल्याने काय फरक पडतो, याचे उदाहरणही याच जिल्ह्याचे आहे. श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईला आला तेव्हा त्याच्याकडे वेग होता. त्या वेगाला वळण लागले ते चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत डेनिस लिली यांच्या मार्गदर्शनाखाली फलंदाजी नव्हे, क्षेत्ररक्षण नव्हे, फक्त वेगवान गोलंदाजी शिकवली जाई. अमेरिकन फुटबॉलच्या परिभाषेत सांगायचे तर झहीरला ‘पोझिशन कोच’ मिळाला. श्रीरामपुरात राहून तो मिळाला नसता, हे कटू असले तरी खरे आहे.

आपल्या तालमीतील वस्तादाची परंपरा याच्या अगदी उलट टोकाची. डाव, खुराक, मालीश, झोप, वागणूक, सारे एकाच माणसाच्या नजरेखाली. या पद्धतीने महाराष्ट्राला थोर मल्ल दिले, ते नाकारण्याचे कारण नाही. वस्ताद आणि पठ्ठा वर्षानुवर्षे एका छताखाली राहतात म्हणूनच ती टिकली. दहा दिवसांच्या शिबिरात शंभर अनोळखी मुले आली की एका माणसाची नजर पुरत नाही, मग तो कितीही मोठा जाणकार असो.

खेळ न शिकवणारा माणूस

या साऱ्या प्रशिक्षकवर्गात एक व्यक्ती अशी असते की ती खेळाचे काहीच शिकवत नाही. तिला अॅथलेटिक ट्रेनर म्हणतात. नावावरून व्यायाम करवून घेणारा असा समज होईल, पण हे वैद्यकीय शाखेचे काम आहे. दुखापत ओळखणे, प्रथमोपचार करणे, खेळाडूला पुन्हा मैदानात उतरू द्यायचे की नाही ते ठरवणे ही तिची जबाबदारी. चांगल्या शिबिरात या एका बाबतीत तिच्या शब्दापुढे मुख्य प्रशिक्षकाचेही चालत नाही. लेखकाच्या मते सगळ्या फौजफाट्यातील सर्वांत महत्त्वाचे पद हेच, आणि तेथील चुकांचा इतिहासही त्याचीच साक्ष देतो.

मेरीलँड विद्यापीठातील जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा लाइनमन २९ मे २०१८ रोजी संघाच्या सरावात ११० यार्डांच्या धावा एकामागून एक काढत होता. त्याला उष्माघाताची लक्षणे दिसू लागली. मैदानावर प्रशिक्षक होते, ट्रेनरही होते. पुढे झालेल्या स्वतंत्र चौकशीत आढळले ते असे, की त्याच्या शरीराचे तापमान मोजले गेले नाही, त्याला थंड पाण्यात बुडवले गेले नाही आणि लक्षणे दिसल्यापासून रुग्णवाहिका निघेपर्यंत एका तासाहून अधिक वेळ गेला. १३ जून रोजी तो मरण पावला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर व नैतिक जबाबदारी स्वीकारली, ताकदीच्या व्यायामाचे प्रशिक्षक पायउतार झाले, ऑक्टोबरअखेर मुख्य प्रशिक्षकालाही जावे लागले. माणसे होती, पदे होती, पण सराव थांबवण्याचे धैर्य किंवा अधिकार ऐन वेळी कोणी वापरला नाही.

त्या दिवशीची हवा नगरच्या मे महिन्याच्या मानाने सौम्यच होती. नगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत मोडतो आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून उष्म्याविषयी त्या खेळाने जे धडे घेतले ते आपल्या कबड्डी-कुस्तीच्या शिबिरांनाही लागू पडतात. पहिला धडा असा, की शरीराला उन्हाची सवय होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. शालेय खेळाडूंसाठी अमेरिकेत २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना तयार झाल्या त्या याच आधारावर. पहिल्या दिवसापासून पूर्ण जोराने सराव घ्यायचा नाही, दिवसागणिक वेळ आणि श्रम वाढवत न्यायचे. आपली शिबिरे दहा-पंधरा दिवसांची असतात, म्हणजे मुलाला उन्हाची सवय होते तोवर समारोपाची पाहुणे मंडळी येऊन बसलेली असतात. दुसरा धडा असा, की श्रमाने उष्माघात झालेल्या मुलाला आधी थंड करायचे आणि मग रुग्णालयात न्यायचे. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झाले तर जीव वाचण्याची शक्यता फार मोठी असते. गाडी शोधण्यात ती वेळ गेली तर मग सारेच अवघड. यासाठी महागडी साधने लागत नाहीत. गुरांना पाणी पाजायची टाकी आणि बर्फाची लादी पुरते.

दुसरा धोका डोक्याचा. वॉशिंग्टन राज्यातील झॅकरी लिस्टेट हा १३ वर्षांचा मुलगा २००६ मध्ये शाळेच्या सामन्यात डोक्यावर आपटला. थोडा वेळ बाहेर बसला आणि दुसऱ्या सत्रात पुन्हा खेळायला उतरला. सामना संपताच तो कोसळला. जीव वाचला, पण कायमचे अपंगत्व आले. २००९ मध्ये त्या राज्याने त्याच्या नावाने कायदा केला. डोक्याला मार बसल्याची शंका जरी आली तरी मुलाला तत्काळ बाहेर काढायचे आणि परवानाधारक वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय पुन्हा खेळवायचे नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत अशा स्वरूपाचे कायदे झाले.

शिरस्त्राण असताना हे कसे होते, असे वाटेल. शिरस्त्राण कवटी फुटण्यापासून वाचवते, कवटीच्या आत मेंदूला बसणारा हादरा ते रोखू शकत नाही. क्रिकेटप्रेमींना हा हादरा ‘कन्कशन’ या नावाने ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टपासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये त्यासाठी बदली खेळाडू मिळू लागला आणि लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. आपल्या मैदानांवर मात्र मॅटवर डोके आपटलेल्या मुलाच्या तोंडावर पाणी मारून ‘काही होत नाही, ऊठ’ असे म्हणण्याची रीत आहे. मुलगा तोच प्रश्न पुन्हा विचारत असेल, त्याला मळमळत असेल, गुण किती झाले ते आठवत नसेल, तर ती थकव्याची लक्षणे नव्हेत.

या घटनांनंतर शिबिरांतील शिकवण्याची रीतही बदलली. मुलांच्या फुटबॉलमधील ‘पॉप वॉर्नर’ ही सर्वांत जुनी संघटना १९२९ पासून चालत आली आहे. तिने २०१२ मध्ये अंगाला अंग भिडणारा सराव एकूण वेळेच्या एक तृतीयांशावर आणला. समोरच्याला पाडताना डोके बाजूला ठेवून खांदा लावायचा, मांड्या आवळायच्या, हे रग्बीकडून घेतलेले तंत्र सिएटलच्या व्यावसायिक संघाने २०१४ मध्ये चित्रफितीद्वारे प्रसृत केले. आपला कबड्डीचा खेळाडू ते पाहून हसेल, कारण मांडीची पकड त्याला बालपणापासून येते. स्वयंसेवक म्हणून येणाऱ्या प्रौढांची पार्श्वभूमी तपासणे आणि कोणाही प्रौढाने मुलासोबत एकांतात न राहणे, हे नियमही तेथे रुळले आहेत. आपल्याकडे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. शिबिराच्या आयोजकाने मदतनीस निवडताना त्याची आठवण ठेवली तर बिघडणार नाही.

महाराष्ट्रात या खेळाचा प्रयोग अगदीच झाला नाही असे नव्हे. २०११ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ची मोठ्या गाजावाजाने घोषणा झाली. कर्ट वॉर्नर, माइक डिटका यांच्यासारखी अमेरिकन मंडळी गुंतवणूकदारांत होती. आठ संघांत पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स होते. खेळाडू आणले गेले ते रग्बी, कबड्डी, अॅथलेटिक्समधून, आणि त्यांतील बहुतेकांनी तो लांबट चेंडू त्यापूर्वी हाती धरलेला नव्हता. २०१२ मध्ये कोलंबोत सामने झाले आणि पुण्याचा संघ विजेता ठरला. पुढे ती लीग मूळ धरू शकली नाही. कारणे पैशाची होती, प्रेक्षकांची होती, तशी शिकवणाऱ्यांची कमतरता हेही एक होते असे मानायला जागा आहे. अमेरिकन प्रशिक्षक काही आठवडे येऊन शिकवू शकतो. शाळाशाळांतून पाच वर्षे शिकवणारा माणूस येथलाच लागतो.

ही गोष्ट नगरला कोणी नव्याने सांगायला नको. अमेरिकन मराठी मिशनचे शिक्षक या शहरात १८३१ मध्ये आले, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा पहिला मानला जाणारा सामना (१८६९) होण्याच्या कितीतरी आधी. याच मिशनच्या सिंथिया फॅरार यांच्याकडे नगरला अध्यापनाचे शिक्षण घेऊन सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींना शिकवले. परकी शिक्षिका आयुष्यभरात किती मुली शिकवणार होती, आणि तिने तयार केलेल्या शिक्षिकेने काय घडवले, याचा हिशेब मांडण्याची गरज नाही.

आपल्याकडे प्रशिक्षक घडवण्याची व्यवस्था नाही असेही नाही. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून पदविकाधारक प्रशिक्षक तयार करते आहे. अडचण शाळेच्या पातळीवर येते. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शंभराहून अधिक पट असेल तर शारीरिक शिक्षणाचा निदेशक सांगितला आहे, तोही अंशकालीन. अशा शाळेतून आलेल्या मुलाला शिबिरात पहिल्यांदाच कोणी तरी धावण्याची रीत दाखवतो.

फ्लॅग फुटबॉलला त्यामानाने कमी लागते. कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लटकवलेल्या असतात, चेंडू घेऊन धावणाऱ्याची फीत ओढली की तो बाद. पाडायचे नाही, ढकलायचे नाही. प्रत्येकी पाच खेळाडू, पन्नास यार्ड लांब आणि पंचवीस यार्ड रुंद मैदान आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांची पट्टी. शिरस्त्राण नको, खांद्याची गादी नको. चपळाई हे त्याचे भांडवल, त्यामुळे खो-खोच्या मुलींना तो लवकर जमावा. लॉस एंजेलिसला स्त्रियांची स्वतंत्र स्पर्धाही आहे. चाळीस मुलांच्या अशा शिबिरासाठी चार माणसे पुरावीत. एक फेकण्या-झेलण्याचे शिकवील, दुसरा बचावाचे पदलालित्य, तिसरा सर्वांचा मेळ घालील. चौथ्याने काहीच शिकवायचे नाही. त्याच्याकडे तापमापक, मुलांच्या आजारांची व पालकांच्या दूरध्वनीची यादी आणि स्वतःची एक शिट्टी असावी, आणि ती वाजली की बाकी तिघांनी थांबावे, असे पहिल्याच दिवशी मुलांसमोर सांगितलेले असावे. बर्फाची सोय आदल्या संध्याकाळीच करून ठेवावी लागेल, कारण मे महिन्यात सकाळी साडेनऊपर्यंत रसवंतीवाल्यांनी लाद्या उचललेल्या असतात.